कडी लावायची नाही

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीत एका कापसाच्या व्यापाऱ्यानं थकल्या माणसांसाठी खोल्यांची चाळ बांधली होती. ज्याची त्याची चूल वेगळी, विहीर तेवढी सगळ्यांची. रोज सकाळी रखवालदार देवीदास दारोदार हाक मारून जाई. नियम एकच : आतून कडी लावायची नाही.

दर्यापूरकडचे शेतकरी खुशालराव बायको गेल्यावर तिथं राहायला आले आणि पहिल्याच दिवशी या नियमावर चिडले. "मी काय लहान लेकरू आहो?"

शेजारच्या खोलीत पार्वताबाई राहायची. जन्मभर बाजारात भाजी विकलेली बाई. ती म्हणाली, "लावा ना कडी, पाटील. एक तांब्या अन् एक घोंगडं, चोराले तेवढंच पाह्यजे."

खुशालरावांनी मुद्दाम खणकन कडी लावली.

पुढं एका सकाळी ते बाजेवरून उठायला गेले आणि कंबर धरली. बसता येईना की पडता येईना. देवीदासाच्या हाकेला त्यांनी ओ दिली, पण दार काही उघडेना. पार्वताबाई खिडकीशी आली.

"पाटील, दार उघडा."

"उघडून राहिलो."

"बाजेवरूनच?"

खुशालराव हळूच म्हणाले, "बाई, मले हलता येत नाही."

तिचं हसू थांबलं. देवीदास छपरावर चढला, कवेलू बाजूला करून आत उतरला आणि त्यानं दार उघडलं. पार्वताबाईनं तापल्या विटेचा शेक दिला, कण्या शिजवून आणल्या. कंबर सुटेपर्यंत त्यांची चूल तीच पेटवत राहिली. चाळीतली माणसं विचारपूस करायला येत आणि आधी छपराकडे बघत. "खोली हवेशीर झाली," असं एक म्हातारा म्हणालाही.

बातमी कळताच मुलगा चंद्रभान छकडा घेऊन आला. "बाबा, घरी चला. काय कमी हाय तिथं?"

"कमी काही नाही रे. पण मी ओसरीवर आलो का सारे उठून उभे राह्यतात, अन् मंग निघून जातात. दिवसभर माह्याशी कोणी भांडत नाही. इथं ही बाई..."

"म्या काय केलं?" पार्वताबाई बाहेरूनच ओरडली.

"पाह्य," खुशालराव समाधानानं म्हणाले.

चंद्रभानला हसू आलं. छकड्यात वडिलांसाठी अंथरलेली गादी त्यानं बाजेवर आणून घातली आणि पोरांना घेऊन येतो असं सांगून तो निघाला. बैल जुंपताना पार्वताबाईनं त्याला अडवलं. "बापाले भाकर थापाले सांगून जा. मी किती दिवस पुरणार?"

कंबर सुटल्यावर एका दुपारी खुशालराव परातीपुढे बसले. भाकर तव्यावर पडेपर्यंत ठिकठिकाणी फाटली. पार्वताबाईनं नावं ठेवत ठेवत ती सगळी खाल्ली.