स्तनाचं विरजण

नेदा आत्या मार्चमध्ये वारली. पण ते सध्या सोडून द्या. ती वारलेलीच नाही, ऑक्टोबर चालू आहे आणि बल्गेरियातल्या गोर्नो व्रबे गावच्या वाचनगृहात सव्वाशे माणसं तोंड वासून पडद्याकडे बघताहेत, असं समजा.

पडद्यावर सूक्ष्मदर्शकातले ठिपके थरथरत होते.

"जिवंत मूळपेशी," प्रोफेसर वेलीझार म्हणाले. कशाचे प्रोफेसर, हे कुणी विचारलं नाही. कोट पांढरा होता. "बायांनो, चमचाभर जुन्या दह्यानं पातेलंभर नवं लागतं, हे तुम्हाला मी सांगायचं? ही बाटली म्हणजे स्तनाचं विरजण. रोज वीस थेंब पोटात. गाठ विरघळते, स्तन नवा लागतो."

घरोघरी दही लावणाऱ्या गावाला हे इतकं पटलं की पाद्रीबुवांनीही एक बाटली घेतली.

आत्याची गाठ अक्रोडाएवढी होती. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. तिनं ती रद्द केली.

मी सोफियात, कर्करोगाच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुतो. "आत्या, मूळपेशी खऱ्या आहेत," मी म्हटलं. "उंदरिणीच्या अशा एका पेशीपासून अख्खी दूधग्रंथी वाढवलीय. पण गाठीतही त्याच स्वभावाच्या पेशी असाव्यात आणि म्हणून ती औषधानंतर पुन्हा उगवत असावी, असा संशय आहे. शोध अजून चालूच आहे. बाटलीत भरण्यासारखं कुणाच्या हाती काही लागलेलं नाही."

"तू उंदरांच्या लेंड्या काढतोस, कामेन," आत्या म्हणाली. "प्रोफेसर काढतात का?"



फेब्रुवारीत काखेतही गाठी आल्या. शेजारच्या दोनका आजीनं बाटली हुंगली. "हा वास माझ्या ओळखीचा आहे," ती म्हणाली. तिनं कोमट दुधात वीस थेंब टाकले, बरणी घोंगडीत गुंडाळली आणि दुपारी उघडली. चमचा उभा राहिला.

"दह्याचं पाणी," आजी म्हणाली. मग चाखून, "लबाड आहे, पण विरजण चांगलं ठेवतो."

उरलेले थेंब मी प्रयोगशाळेत नेऊन पाहिले. तेच ठिपके, तीच थरथर. दह्यातले जीवाणू. प्रोफेसर तोवर पुढच्या गावाला गेले होते.

आत्यानं ते दही वाटीभर खाल्लं. वाटी खाली ठेवून म्हणाली, "ती तारीख परत मिळेल का रे?"

तारीख मिळाली. सर्जननी कागद पाहिले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. आत्या म्हणाली, "कळलं."

कुणी जिवंत पेशी विकायला आलं तर आधी कोमट दुधात टाकून बघा. दही लागलं तर खा. गाठ मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि मिळालेली तारीख सोडू नका.

प्रति, आरोग्य मंत्रालय. अर्जदाराच्या आत्याचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने वाया गेले असून ते मूळ स्थितीत, म्हणजे गाठ अक्रोडाएवढी असताना, परत करण्यात यावेत, ही विनंती. सोबत रिकामी बाटली जोडली आहे.