केंद्राचा फोन

साडेबाराला येणारी रिक्षा सव्वा वाजला तरी आली नव्हती. फाल्गुनी फाटकाची कडी धरून उभी होती. जाहिदला फोन लावावा तर सारखा बिझी.

"ताई, काय घोर करी ऱ्हायनी? येई जाई," ओसरीवर गहू निवडणारी फुलीबाई म्हणाली.

फुलीबाईला काय ठाऊक! त्या रिक्षात तिची चार वर्षांची जिनल होती, आणखी चार पोरं होती, आणि ती चालवणारा जाहिद वर्षभरापूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात फाल्गुनीसमोर बसून ढसाढसा रडला होता. सकाळी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचं, दुपारी चारनंतर केंद्रात समुपदेशन, असं तिचं नऊ वर्षं चाललं होतं. दारू सुटलेल्याला काम मिळालं नाही तर तो पुन्हा घसरतो, हे ती वर्गात ठासून सांगायची. म्हणून तिनेच शाळेत शब्द टाकला. "मॅडमच्या ओळखीचा आहे," एवढ्यावर बाकीच्या आयांनी पोरं त्याच्या हवाली केली. ओळख कुठली, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रुग्णाचं गुपित, सांगताच येत नव्हतं.

पण स्वतःची पोर त्याच्या रिक्षात बसवायचा हट्ट कुणी सांगितला होता? धुळे चौफुलीवरचे ट्रक तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"ताई, तठे दखा!"

जाहिद चालत येत होता. कडेवर जिनल, तिची पाण्याची बाटली त्याच्या गळ्यात. रिक्षा नाही.

फाल्गुनी धावली. पोरीला ओढून घेताना तिने आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता.

"हात थरथरायला लागला, मॅडम. कालपासून मन तिकडंच ओढतंय. प्यालो नाही, अल्लाकसम. रिक्षा शाळेच्या गेटवरच लावली. पोरं चालवत नेऊन एकेक घरी सोडली. तुमचंच घर लांब." त्याने खिशातून चुरगळलेलं कार्ड काढलं. अक्षर तिचंच: हात थरथरला की गाडी थांबवायची, केंद्राचा फोन लावायचा. "कितीदा लावला, मॅडम. कोणी उचलतच नाही."

केंद्राने तिच्याकडे सोपवलेला तो मोबाइल रोजच्यासारखा कॉलेजच्या स्टाफरूममधल्या खणात होता, आवाज बंद करून ठेवलेला. केंद्रात जाताना ती तो उचलायची. रुग्णांची दुःखं घरी आणायची नाहीत, हा तिचाच नियम.

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. शगुफ्ता; रिक्षातल्या एका मुलाची आई. "फाल्गुनीबेन, पोरगं पायी कसं आलं? तो रिक्षावाला ठीक आहे ना?"

जाहिदने मान खाली घातली आणि रिक्षाची किल्ली तिच्यापुढे धरली.

"आज ठीक नाही," फाल्गुनी म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "उद्या रिक्षा नाही. पोरांना आपणच सोडू. बाकीचं त्याचं तो सांगेल, त्याला सांगायचं तेव्हा."

फोन बंद करून तिने किल्ली घेतली. जिनलला फुलीबाईकडे दिलं, आणि लगेच पुन्हा कडेवर घेतलं. सोडवेना.

"चला, जाहिदभाई. आधी कॉलेज, मग केंद्र," ती म्हणाली. "तो फोन घ्यायचाय."