तिसरा हिस्सा

पांढऱ्या बशीवर आयोडीनचा थेंब, त्यात पातेल्यातल्या गोडसर पाण्याचा एक थेंब... आणि रंग फिरला, आधी जांभळा, मग जवळजवळ काळा. म्हणजे पीठ अजून शिल्लक होतं, त्याची साखर व्हायची होती. हिनेकनं बशी पुसली आणि पातेल्यावर जुनं घोंगडं पुन्हा नीट गुंडाळलं. आत दळलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, लापशी गप्प बसली होती, पासष्ट अंशांवर. घाई करून उपयोग नसतो, हे तो तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आला होता.

धुणीघराच्या भिंतीवर त्यानं चौकटीच्या कागदावर काढलेला आराखडा टाचला होता. वर गरम पाण्याचं पिंप, त्याखाली जाळीच्या तळाचं मोठं पातेलं, गाळलेला रस आपसूक खाली उतरावा म्हणून हातभर उतार... आणि कोपऱ्यात, दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेलं, लहान तांब्याचं भांडं. सगळं घोडं तिथं अडलं होतं. लापशीचा तिसरा हिस्सा वेगळा काढायचा, लहान भांड्यात खळखळून उकळायचा, परत मोठ्या पातेल्यात ओतायचा... तेव्हा कुठं बिअरला पावाच्या करपट कडेसारखी ती खोल चव येते. निदान या गावात तरी कुणी त्यावर वाद घातला नसता. पण त्या कोपऱ्यात बायकोचं, यार्मिलाचं, कपडे धुण्याचं मशीन होतं, आणि तूर्त लहान भांडं म्हणून तिचीच आलुबुखाराचा मुरंबा आटवायची कढई चुलीवर चढली होती.

त्यानं तिसरा हिस्सा मापानं काढला, कढईत ओतला आणि ढवळायला घेतलं. ढवळताना हात आपले आपण चालतात, आणि डोकं मोकळं सुटतं... तो हॉल, ती लांब टेबलं, गावातला बिअरचा कारखाना नव्यानं विकत घेतलेल्या लोकांनी प्रत्येकापुढं ठेवलेले, आतला रंग दिसू नये असे तीन-तीन काळे ग्लास. दोन सारखे, एक वेगळा, न उकळता काढलेल्या बिअरचा. वेगळा कोणता ते लिहा. उकळायची पद्धत बंद केली तर इंधन वाचतं, चार तास वाचतात, आणि लहान भांड्यावरचा माणूसही वाचतो. तो माणूस म्हणजे वेंदेलीन, बावीस वर्षं त्याच भांड्याशी उभा. सात जण चाखायला बसले होते. हिनेकनं कागदावर लिहिलं : फरक जाणवत नाही. दोन महिन्यांनी ती पद्धत बंद झाली, हिनेक मुख्य ब्रूअर झाला आणि वेंदेलीन लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायला लागला.

मला कळलं होतं. पहिल्याच घोटाला कळलं होतं, उजवीकडचा ग्लास. मी खोटं लिहिलं... हे वाक्य त्यानं अठरा वर्षं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते आता पाठ झालं होतं. आणि खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्या वाक्यासाठीच होता. जुन्या पद्धतीनं एक पिंप मनासारखं काढायचं, बाटली घेऊन दोन घरं सोडून पलीकडं जायचं, वेंदेलीनच्या दारात उभं राहून म्हणायचं : मला तेव्हाच कळलं होतं, माझं चुकलं. वेंदेलीन रोज कुत्र्याला घेऊन या खिडकीखालून जायचा आणि फक्त कुत्र्याशी बोलायचा. "चल बाबा, इथं थांबण्यासारखं काही नाही." अठरा वर्षं हेच.

"अजून किती वेळ माझी कढई राबणार?" यार्मिला दारात उभी होती. हातात ताट, ताटात तीन ग्लास.

"हे काय?"

"तुझ्याच तळघरातलं. गेल्या महिन्यातली प्रयोगाची दोन्ही पिंपं, उकळलेलं आणि न उकळलेलं. दोन ग्लास एकातले, एक दुसऱ्यातला. ओळखलंस तर मशीन हलवते. नाहीतर तो कोपरा विसर."

"तू माझी परीक्षा घेणार?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? एक घोट घे आणि सांग. तुला काय अवघड आहे?"

त्याला हसूच आलं. त्यानं आच बारीक केली, पळी कढईच्या काठाला टेकवली. पहिला घोट. दुसरा. तिसरा तोंडात थोडा वेळ घोळवला, सवयीनं, डोळे मिटून. मधला. मधल्यात ती खोल चव होती, ती करपट कड...

"मधला," तो म्हणाला.

यार्मिलानं ग्लास उचलून बुडाखालची चिठ्ठी पाहिली. "नाही रे. डावीकडचा."

"तुझ्या ग्लासांना साबणाचा वास येतोय. पुन्हा भर."

ती गेली, दुसरे ग्लास घेऊन आली. या वेळी त्यानं मध्ये पावाचा तुकडा खाल्ला, पाणी प्यायला, पुन्हा पहिल्यापासून चाखलं. उजवीकडचा, असं तो म्हणाला खरा, पण म्हणताना आवाज खाली गेला होता. यार्मिलानं चिठ्ठी पाहिली आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

"आणखी एकदा आणू?"

"नको."

"वय झालं की जीभ जाते, हिनेक. माझ्या वडिलांची पण गेली होती," ती हळूच म्हणाली, आणि ताट घेऊन वर गेली. मशीनचं नावही काढलं नाही तिनं.

वय... हो, वय असेल. पण तेव्हा? तो उजवीकडचा ग्लास... हिनेक त्याची चव आठवायला गेला तर आठवत काहीच नव्हतं. आठवत होतं ते फक्त स्वतःचं वाक्य, पहिल्याच घोटाला कळलं होतं. उत्तर कोणतं बरोबर, हे त्या हॉलमध्ये कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मग उजवीकडचा, हे आलं कुठून? की कागदावर लिहिलं तेच खरं होतं, आणि खोटं जे काही होतं ते मागाहून, घरी येऊन, स्वतःला सांगितलं...

खिडकीखाली पावलं थांबली. कुत्र्याची साखळी वाजली.

"हिनेक," बाहेरून वेंदेलीन म्हणाला. "खाली लागतंय तुझं."

हिनेकनं कढईवर वाकून श्वास ओढला. गोड, दमट वाफ. दुसरं काही नाही. त्यानं पळी तळाशी घातली. तळ खरखरीत लागला, जाड खरपुडी धरलेली.

"वास रस्त्यापर्यंत येतोय," वेंदेलीन म्हणाला. आवाजात राग नव्हता. "उतरव. तिसरा हिस्सा सोडून जायचा नसतो, एवढं तरी माहीत असेल ना?"

हिनेकनं कढई उतरवली. आत्ता बोलता आलं असतं. माणूस स्वतःहून थांबला होता, खिडकी उघडी होती, आणि ते वाक्य जिभेवर तयार होतं : मला कळलं होतं. पण ते वाक्य आता त्याचं उरलं नव्हतं. त्याच्या जागी दुसरं होतं, लहान, नागडं : मला तेव्हाही कळलं नव्हतं रे.

पावलं पुढं गेली. हिनेक पळी घेऊन तसाच उभा राहिला. लबाड म्हणून वेंदेलीनच्या दारात जायला तो कधीही तयार होता, अगदी आजसुद्धा. पण हे सांगायला तो जाणार नव्हता, त्याच्याकडेच काय, कुणाकडेच नाही. आणि आपण लबाड असतो तर किती बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटत राहिलं.