आमचं गाव स्वस्त ठरलं

आमच्या सासूबाईंना कमी खर्चात घर चालवण्याची भारी फुशारकी. हे कुलपांच्या कारखान्यात किल्ल्या घासतात, पगार बेताचा, त्यामुळे ती फुशारकी आमच्या पथ्यावरच पडायची. नाही कशाला म्हणू?

मग कारखान्याने महागाई भत्ता गावागावाप्रमाणे द्यायचं ठरवलं. जिथे राहणं महाग तिथे जास्त, जिथे स्वस्त तिथे कमी. त्यासाठी एक मुलगी कामगारांच्या घरोघरी खर्च विचारत फिरली. आमच्या गल्लीत आली तेव्हा बायका दारातच बसलेल्या, आणि मी नेमकी शिवणकामाला गेलेली. नंतर शेजारणीनेच हसत हसत सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, आम्हाला तेलाचा डबा महिनाभर पुरतो. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे दोन महिने जातो. दुसरी म्हणाली, मी बाजार उठताना भाजी घेते, निम्म्यात मिळते. सासूबाईंनी तिच्यावरही कडी केली, आम्हाला रोज भाजी लागतच नाही म्हणाल्या. नुसता उलटा लिलाव चालला होता. भाडं विचारलं, तर घरमालक आमच्या शब्दाबाहेर नाही असं सांगून सासूबाईंनी आकडा चक्क निम्मा केला. त्याच घरमालकापुढे आम्ही दरवर्षी हात जोडतो, ते तेवढं राहिलं सांगायचं. परक्या पोरीपुढे घरची ओढाताण कोण उघडी करील? गल्लीतल्या एकाही बाईने केली नाही.

आमचं गाव सगळ्यात स्वस्त ठरलं. भत्ता निम्म्यावर आला.

माझं डोकंच फिरलं. चार बायका गोळा केल्या आणि थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ते आकडे खोटे आहेत, घरी येऊन बघा. साहेब माणूस चांगला, खुर्च्या मागवल्या, पाणी दिलं. पण अहवाल मुख्य कचेरीत गेला होता आणि त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. पुन्हा पाहणी होईल तेव्हा खरं सांगा, म्हणाला. कधी होईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. परवडत नसेल तर कंपनीच्या मोठ्या शहरातल्या कारखान्यात बदली मागा, तिथे भत्ता भरपूर आहे, हेही त्यानेच सुचवलं.

भरपूर म्हणे! ह्यांनी तिथल्या एका मित्राला फोन लावला. पगार दीडपट आणि खोलीचं भाडं इथल्या चौपट. सगळ्यांनी जायचं तर महिनाअखेरीला इथल्यापेक्षाही कमी उरणार. ह्यांनी एकट्याने जाऊन, पाचजणांच्या खोलीत एक खाट धरली, तरच घरी चार पैसे येणार. आमची लेक अजून लहान, बापाच्या कुशीशिवाय झोपत नाही. मी चिडले, रडले, वाटेल ते बोलले. पण दुसरा मार्ग मला काही सुचला नाही, ह्यांनाही नाही. बदलीचा अर्ज गेला.

सासूबाईंना खरं कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. बढती मिळाली म्हणून जातोय, असं ह्यांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली. कितीदा माझ्या अगदी ओठावर आलं, की एकदाचं बोलून मोकळं व्हावं. पण म्हातारीकडे जन्मभरात मिरवायला होतं ते एवढंच, ते कुठल्या तोंडाने हिसकावून घ्यायचं?

निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते, तेव्हा त्या येऊन खाटेच्या कडेला बसल्या. लेक बॅगेतले शर्ट एकेक करून बाहेर काढत होती, मी परत ठेवत होते. हे बाजूलाच बूट घालत होते. मग ह्यांना म्हणाल्या, "खरं सांग बाळा. मी किती सांगायला हवं होतं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आकडा सांग ना," त्या म्हणाल्या. "पुन्हा ती पोरगी आली, की तेवढाच सांगेन."

हे खाली वाकून बुटांचे बंद बांधत राहिले.