गाडीची माती झाली

मी बोलतेय ती एका चपट्या प्लॅस्टिकच्या डबीतून. साबणाच्या वडीएवढी माझी काया, रंग मूळचा निळसर, अंग कणकेसारखं मऊ. बाजारात मला क्ले म्हणतात. सरळ मराठीत सांगायचं तर मी मातीची वडी, मोटारीच्या रंगात रुतून बसलेली घाण ओढून काढणारी. घाई नसेल तर बसा थोडं. माझ्या धन्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी खुर्ची द्यायची, चहा सांगायचा आणि मगच कामाचं बोलायचं, अशी रीत होती. मलाही तीच लागली आहे.

जन्म परदेशात झाला, पण तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते दिल्लीच्या काश्मिरी गेटमधल्या ठोक बाजारातलं खोकं, आणि त्या खोक्यातून मला उचलून जयपूरला आणणारे सर्जेराव. सर्जेराव मूळचे विट्याकडचे. त्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. हेही लहानपणी काकांच्या मागे जयपूरच्या एका गलाईच्या दुकानात आले, तेजाबाच्या धुराला कंटाळले आणि बनी पार्कात मोटारी धुण्याचं, चमकवण्याचं दुकान टाकून बसले. हा धंदा त्यांना कुणी शिकवला नाही. चुका करत करत शिकले.

मलाच घ्या ना. पहिल्या दिवशी साबण समजून त्यांनी माझ्यावर हात धुतले. फेस येईना, तेव्हा दिल्लीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मला कोरडंच स्वतःच्या स्कूटरवर घासलं आणि टाकीवर ओरखडे काढून घेतले. मग कुठे साबणाचं पाणी शिंपडून हलक्या हातानं फिरवायची अक्कल आली, आणि आमचं जमलं.

माझी गरज कधी लागते, हे ओळखणं हीच खरी विद्या. डोळ्याला ते कळत नाही. गाडी धुतली, पुसली, आरशासारखी चमकतेय, आणि तरी रंगात बारीक लोखंड, डांबर, झाडाचा चीक बसलेला असतो. सर्जेराव काय करायचे, कांदे आणलेली प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात मोज्यासारखी घालायचे आणि धुतलेल्या पत्र्यावर बोटं फिरवायचे. नुसत्या बोटाला जे लागत नाही, ते पिशवीतून लागतं. काचेसारखं सरकलं तर माझं काम नाही. रव्यावरून हात फिरवल्यासारखं खरखरलं, तर डबी उघडायची.

एकदा एक जवाहिऱ्याचा मुलगा आला. शेजाऱ्यानं गाडीला क्ले करून घेतलं म्हणून यालाही पाहिजे. सर्जेरावांनी हात फिरवला आणि म्हणाले, "भैयाजी, आपकी गाड़ी को कुछ नहीं हुआ. घर जाओ, लस्सी पियो." त्या पोराला इतकं नवल वाटलं, की पुढच्या दिवाळीपर्यंत सगळं खानदान आमच्या दुकानात गाड्या धुवायला येऊ लागलं. नाही म्हणण्यातही कमाई असते, हा सर्जेरावांचा हिशोब. एक हॉटेलवाला तर दर आठवड्याला खरखरीत रंगावरच पॉलिश चढवायचा. त्याला सर्जेराव म्हणायचे, "न घासलेल्या पातेल्याला कल्हई करताय शेठ!"

असं हसतखेळत चाललं होतं. मग एका दिवाळीच्या आधी विनयावहिनी आल्या.

सोबत मुलगी अबोली, कॉलेजात जाणारी. गाडी पांढरी. सगळ्या गाडीवर, पण जास्त करून बॉनेटवर, केशरी ठिपके, मोहरीपेक्षाही बारीक.

"रंगच खराब निघाला वाटतं," विनयावहिनी म्हणाल्या. दुकानावरच्या पाटीवर सर्जेरावांचं नाव वाचून मराठी माणूस दिसला म्हणून आत वळल्या होत्या. "भावाकडे लग्न आहे नाशिकला. अशी गाडी घेऊन कसं जायचं?"

"रंग झकास आहे वहिनी. बसा तुम्ही. चहा सांगतो."

गाडी धुतली, कोरडी केली. सर्जेरावांनी पिशवी चढवून बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. डबीतल्या मलासुद्धा तो आवाज आला, पिठाच्या चाळणीसारखा.

"आवो, हे लोखंड आहे. हवेतनं तापलेलं येतं, रंगात रुततं, मग गंजतं. साहेब भट्टीवर असतात का?"

"असायचे," विनयावहिनी म्हणाल्या. "विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत, ओतकामाच्या कारखान्यात. पण आता नाही. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसात वाळू बसतेय, आणखी गेली तर आमच्या हातात काही नाही. होळीपासून ऑफिसात बदलून घेतलं त्यांनी. इथेच तर आहे ऑफिस, बनी पार्कात, दोन गल्ल्या सोडून. गाडी रोज तेच नेतात." मग म्हणाल्या, "खोकला मात्र जाईना. डॉक्टरही म्हणतात, भट्टीपासून लांब आहेत तर वाढायला नको होता."

सर्जेरावांचा हात पत्र्यावर तसाच राहिला. वर्षापूर्वी, त्याच कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवाल्याची गाडी त्यांनी साफ केली होती. हीच खरखर. होळीच्या आधीचं लोखंड असतं तर एव्हाना ठिपके तपकिरी पडून पसरले असते. हे ताजं होतं.

पण माणूस धंद्यात मुरलेला. बाईच्या तोंडावरचा प्रश्न त्यांनी वाचला आणि झाकण टाकलं. "राहायला कुठं?"

"दुर्गापुऱ्याला. स्टेशनाच्या मागे."

"मग झालं तर! रेल्वेच्या ब्रेकचं लोखंड उडतं. रुळाकडेच्या सगळ्या गाड्यांची हीच रड."

विनयावहिनींचे खांदे खाली आले. "बघ अबोली, मी उगाच..." एवढंच म्हणाल्या आणि चहाचा कप उचलला.

मला पाणी मारलं आणि बॉनेटवर फिरवायला घेतलं. दोन हात मारले न मारले तोच माझं पोट काळंभोर झालं. सर्जेराव मला दुमडत, आतली स्वच्छ बाजू वर काढत, पुन्हा फिरवत. खोटं त्यांनी सांगितलं होतं, आणि खरं माझ्या घड्यांमध्ये साठत होतं. रेल्वेच्या लोखंडाबरोबर जळकी वाळू येत नाही.

काम आवरलं. पत्रा लोण्यासारखा झाला. विनयावहिनींनी स्वतः पिशवी घालून हात फिरवून पाहिला आणि लेकीला म्हणाल्या, "बाबांना फोन कर. म्हणावं, क्ले झालं. ऑफिस जवळच आहे, इथेच या, बरोबर घरी जाऊ."

इथे घोटाळा झाला. अबोलीचा जन्म जयपूरचा. मराठी घरात ऐकून आलेली, तीही अर्धी हिंदीच्या आधारानं चालणारी. दुकानात सगळे क्लेला मिट्टी मिट्टी म्हणत होते. तिनं बापाशी शुद्ध मराठी बोलायचं ठरवलं आणि फोनवर म्हणाली, "बाबा, आम्ही बनी पार्कात आहोत. मतलब, गाडीची माती झाली. आई बोलते, तुम्ही लवकर या."

पलीकडून काही विचारायच्या आत फोन कटला.

दोन गल्ल्या ओलांडायला माणसाला किती वेळ लागावा? चहा संपला. दुसरा सांगितला, तोही संपला. विनयावहिनी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. "एखादी मीटिंग असेल," सर्जेराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आता जीव नव्हता.

मग एका मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून दिनकरराव उतरले. उतरले कसले, पडलेच. पायात लोखंडी टोकाचे बूट, शर्टाला जळल्याची भोकं, आणि केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीत काळी वाळू. धावत आत आले आणि अबोलीचे दोन्ही दंड धरले.

"लागलं का कुठे? आई कुठाय? गाडी कुणी ठोकली?"

"काय लागलं? बाबा, कुणीच नाही ठोकली!"

"अगं, तूच म्हणालीस ना, गाडीची माती झाली!"

"हो, मग झालीच ना. ती बघा, किती चमकतेय!"

सर्जेरावांना राहवलं नाही. "अगं पोरी, मराठीत माती झाली म्हणजे सत्यानाश झाला! तू बापाला अर्धा मारलास की!" आणि ते मोठ्यानं हसले. अबोलीही तोंडावर हात ठेवून हसली. दिनकररावही हसायला गेले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि फरशीवर त्यांच्या केसांतली वाळू सांडली.

त्या वाळूकडे विनयावहिनी बघत राहिल्या.

"अहो, कुठून आलात?"

"ऑफिसातून."

"ऑफिसात हे बूट चालतात?"

दिनकरराव शर्टाची बाही झटकू लागले. विनयावहिनींनी पुढे होऊन त्यांच्या भुवईवरून बोट फिरवलं, मघाशी पत्र्यावर फिरवलं होतं तसं, आणि ते बोट उजेडात धरलं.

"होळीपासून?"

"ऑफिसात माझ्यासाठी खुर्चीच नव्हती गं," दिनकरराव म्हणाले. "मालकांनी तोंडावर सांगितलं, भट्टीवर राहायचं असेल तर राहा, नाहीतर घरी बसा. घरी बसून काय करू? अबोलीचं शिक्षण अर्धवट आहे. आणि खरं सांगू का, भट्टीवर माझ्याशिवाय कुणाला रंग कळत नाही. लोखंड ओतायला आलं की नाही, ते रंगावरून बघावं लागतं."

"लोखंडाचा रंग कळतो तुम्हाला," विनयावहिनी म्हणाल्या, "रोज आरशात स्वतःचा नाही दिसला?"

"दिवाळीची ऑर्डर तेवढी संपू दे. मग सोडतो. शप्पथ."

"उद्यापासून जायचं नाही. उद्यापासून गाडीची किल्ली माझ्याकडे."

त्यांचा आवाज चढला नव्हता. रस्त्यावरच्या भाजीवाल्यालासुद्धा कळलं नसतं, की इथे काही घडतंय. अबोली मात्र रडायला लागली. सारखी म्हणत होती, "सॉरी बाबा, मला येत नाही ना मराठी." दिनकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांवर पाच काळी बोटं उमटली.

सर्जेरावांनी त्या दिवशी पुढचं गिऱ्हाईक घेतलं नाही.

दिनकररावांनी शब्द पाळला, भट्टी सोडली. नाशिकच्या लग्नालाही ते सगळे जाऊन आले, त्याच गाडीतून. थंडी ओसरताना विनयावहिनी पुन्हा गाडी घेऊन दुकानात आल्या. या वेळी एकट्या. सर्जेरावांनी लगबगीनं पिशवी चढवली, बॉनेटवरून, टपावरून, चारी दारांवरून हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काही नाही वहिनी! काच आहे काच. माती लागायचीच नाही. साहेबांनी खरंच ऐकलं तुमचं."

"हो, ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता फाटकापर्यंतसुद्धा जात नाहीत. दम लागतो. घरात नळकांडं आणून ठेवलंय ऑक्सिजनचं. डॉक्टर म्हणतात, बाहेरून जाणं थांबलं, पण आत बसलेली वाळू आपलं काम करतच राहते." मग त्यांनी माझ्या डबीकडे बोट दाखवलं. "तेवढी ती वडी द्याल का? हाताला काहीतरी चाळा हवा असतो त्यांना. उशीचे कोपरेच चुरगळत बसतात."

"नवी देतो की. ही पार काळी झालीय."

"तीच मागितलीय त्यांनी."

म्हणून मी दुर्गापुऱ्याला आले. इथे येऊन पहिल्याच दिवशी दिनकररावांनी मला मधोमध मोडलं. आतून काळ्या रेघा निघाल्या, पदरावर पदर, मध्ये मूळचा निळा रंग कुठेकुठे. ते बराच वेळ बघत बसले. मग अबोलीला म्हणाले, "हे बघ. बाबांची नोकरी." तिनं तोंड फिरवलं. मग त्यांनी मला पुन्हा जोडून घेतलं आणि अंगठ्यानं मळायला लागले. तेव्हापासून रोज. मागून रेल्वेगाडी जाताना खिडकीची काच थरथरते, तेवढा वेळ अंगठा थांबतो. गाडी गेली की पुन्हा सुरू.

आता तुम्हाला सांगते, एवढं बसलाच आहात तर. गाडी धुतल्यावर हातात पातळ पिशवी घालून एकदा पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखरलं तर माझ्यासारखी एखादी वडी आणा, साबणाचं पाणी भरपूर वापरा, दाबू नका. गाडीचं काम तेवढ्यात भागतं. पण ती खरखर आली कुठून, हेही त्याच वेळी विचारा. गाडी जिथे उभी असते, तिथेच तिचा माणूसही उभा असतो. तो श्वास घेत असतो. त्याच्या छातीवर पिशवी घालून हात फिरवता येत नाही, आणि आत पोचेल अशी वडी कुठल्याही बाजारात मिळत नाही. विनयावहिनींच्या बोटाला वेळेवर कळलं असं लोक म्हणतात. त्या स्वतः तसं म्हणत नाहीत.

मी मळली गेले नाही, तर वाळून दगड होईन. परवापासून दिनकररावांच्या अंगठ्यात जोर राहिलेला नाही. आता विनयावहिनी माझ्याभोवती त्यांची बोटं मिटतात आणि वरून आपला हात दाबतात. दाब विनयावहिनींचा असतो, पण खाली अंगठा कुणाचा आहे ते मला कळतं. तो येतोय तोवर मऊ राहायचं, एवढंच आता माझं काम.