पाठवत आहे

"हात आड आणू नकोस गं, छाती नीट दिसू दे," सिस्टर म्हणाल्या आणि मोबाइल बाळावर रोखून त्यांनी स्वतःचा श्वासही रोखला.

ठमी खिडकीजवळ दुपट्यावर उघडी पडली होती. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. पिताना कपाळ घामाने भिजतं, चार घोटांत दमून तोंड बाजूला करते, म्हणून आईनेच सिस्टरांना बोलावलं होतं.

"अंगावर मूठभर मांस नाही आणि नाव काय, तर ठमी!"

"वन्संनी ठेवलंय. म्हणाल्या, नावाला तरी जाड असू दे." आई हसली, पण नजर मोबाइलवरच. "सिस्टर, घाबरण्यासारखं आहे का?"

"डॉक्टरांना बघू दे आधी."

मोठ्या इस्पितळातले हृदयाचे डॉक्टर आता सगळं ॲपवरच बघत. त्यांनी व्हिडिओ पाहून हो म्हटलं, की गाडी यायची, एरवी नाही. व्हिडिओही लांबलचक हवा, बाळ निजलेलं आणि पिणारं, दोन्ही. एवढं धूड या वस्तीतल्या नेटवर्कवरून जायचं म्हणजे रडतखडतच. पण ॲपचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलाने सांगितलं होतं, "पाठवा दाबायचं आणि फोन पर्समध्ये टाकायचा. तुम्ही तुमची कामं करा, ते मागच्या मागे तुकड्यातुकड्याने जात राहतं."

सिस्टरांनी दाबलं. 'पाठवत आहे' अशी अक्षरं उमटली.

"गेलं?"

"जातंय. उत्तर आलं की तडक फोन करते. तोवर थोडं थोडं पाज."

जिना उतरता उतरता त्यांनी सवयीने फोनवरची उघडी ॲप्स एकेक करून वर सरकवली आणि बंद केली. ही नवऱ्याची शिकवण. फोन जुना, तापायचा. तो म्हणायचा, "भांडी घासून पालथी घालतेस ना, तसा फोनही आवरून ठेवत जा." सिस्टरांना ते मनापासून पटलं होतं, ओट्यावर चमचा वाकडा पडलेला त्यांना खपत नसे. त्या आवरण्यात पाठवणंही आवरलं गेलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ॲप सरकवून टाकू नका, एवढं सांगायचं त्या मुलाला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आलं का हो उत्तर?"

"नाही गं. ऑपरेशनमध्ये अडकले असतील. पाठवलंय मी, बघतील ते. ओठ निळे दिसले तर मात्र कुणासाठी थांबू नकोस, मिळेल ती गाडी कर."

सकाळी फोन वाजला तो ठमीच्या आत्याचा. "सिस्टर, ठमी गेली. पिता पिता मान टाकली हो. गाडी शोधायलासुद्धा वेळ दिला नाही."

दवाखान्यात खुर्चीवर टेकून सिस्टरांनी नोंद करायला ॲप उघडलं. 'पुन्हा सुरू करत आहे.' पट्टी सुरुवातीच्या अगदी जराशी पुढे थांबलेली होती; ती हळूहळू सरकू लागली. काल जिना उतरताना आपणच ॲप सरकवून बंद केलं होतं, हे आठवून सिस्टर बघत राहिल्या. थांबवायला बोट उचलेना.

दुपारी डॉक्टरांचाच फोन आला. "सिस्टर, आत्ताच बघितलं. लगेच आणा, गाडी निघतेय."

"गाडी नको, सर."

"का? अहो, ऑपरेशनने बरं होईल बाळ."

सिस्टरांनी काय झालं ते सांगितलं.

त्या तशाच ठमीच्या घरी गेल्या. आई भिंतीला टेकून बसली होती.

"व्हिडिओ माझ्यामुळे अडकला," सिस्टर उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी ॲप बंद केलं. डॉक्टरांनी आज बघितलं तिला."

"आता कशाला सांगताय हे?" आत्या कडाडली. "काय मिळणार आहे तिला ऐकून?"

"सांगू दे, वन्सं." आईने मान वर केली. "काय म्हणाले?"

"बरी झाली असती."

आईच्या ब्लाउजवर दोन ओले गोल पसरत होते. तिने पदर ओढून घेतला.

"दुखतंय?"

"दगड झालेत."

सिस्टर मोरीकडे गेल्या. गार पाण्यात फडकं पिळून आणलं आणि तिच्यासमोर खाली बसल्या. आईने ते त्यांच्या हातून काढून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःच छातीवर दाबून धरलं. सिस्टरांनी दुसरं पिळलं आणि हात पुढे करून थांबल्या.