तळ्याकडची बाजू

आमचा टॅक्स बघणारा ड्वाइट पेल्की तसा मवाळ माणूस. पण त्या दिवशी त्याने असा काही प्रश्न विचारला की मला हसू फुटलं आणि मग ते आवरेना.

"तुम्हाला पुरायची जागा कुठे ठरली आहे?"

डिसेंबर होता. त्याच्या कचेरीच्या खिडकीतून टॅमरॅक तळं दिसत होतं. दिसत होतं म्हणजे काय, सगळं नुसतं पांढरं. बर्फावर मासे धरणाऱ्यांची खोपटी मांडलेली आणि त्यांच्या धुराड्यांतून सरळ वर जाणारा धूर. असल्या दिवसांत मला नेहमी वाटतं की आपण अजून जागे झालेलोच नाही, कुणीतरी येऊन उठवेल.

आर्विडने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बेचाळीस वर्षं तळ्याकाठच्या लोकांना होड्या लावायचे लाकडी धक्के बांधून दिले. आता तो धंदा विकायला निघाला होता. गिऱ्हाईक ठरलं होतं, विक्री ऑगस्टात होणार होती. त्या दिवशी आम्ही मिनेसोटाचे असलो तर राज्य आपला वाटा घेणार, आणि तो वाटा काही चिमूटभर नव्हता. फ्लोरिडाचे असलो तर फ्लोरिडा दमडीही मागत नाही. म्हणून आम्ही फ्लोरिडाचे व्हायचं म्हणत होतो. आमच्या वयाची निम्मी मंडळी झालीच आहेत.

"घर घेतलंत, गाडीचा परवाना बदललात, निम्म्याहून जास्त दिवस तिकडे काढलेत, एवढ्याने भागत नाही," ड्वाइट म्हणाला. "टॅक्सखात्याचे लोक विचारतात, हा माणूस शेवटी परत कुठे येणार आहे? त्याच्या मनात काय आहे?"

"मनातलं त्यांना कसं कळणार?" आर्विड म्हणाला. "मला स्वतःला कळायला आठवडा लागतो."

"खाणाखुणांवरून. कुत्रा कुठे असतो, आईचे फोटो कुठे लावलेत, चर्च कुठलं. आणि माफ करा, पण थडग्याच्या दगडावर नाव कुठे आहे."

आर्विड मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला. "ते कोरलेलं आहे," तो म्हणाला. "इथेच."

हसू आवरेना ते यावर. एकोणीस वर्षं जी गोष्ट मी कुणाजवळ बोलले नव्हते, ती आज सरकार माझ्या वतीने बोलत होतं.

आमच्याकडे नवराबायकोतलं एक गेलं की दगडावर दोघांचीही नावं कोरून टाकतात. गेलेल्याच्या नावाखाली दोन सालं. मागे राहिलेल्याच्या नावाखाली जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे गुळगुळीत मोकळी जागा. कारागिराला दोनदा बोलवायला नको, एकदाच काय ते होऊन जातं, असा हिशोब. नॉर्वेहून आलेल्यांची काटकसर, दुसरं काय. त्या दगडावर डाव्या हाताला सिग्ने सोलेम आहे, आर्विडची पहिली बायको. उजव्या हाताला आर्विड सोलेम, १९४८, रेघ. तिसऱ्या नावाला जागा नाही.

मी मूळची ओहायोची. पन्नाशीत इथे आले, आणि एकोणीस वर्षांनी अजून मला गावात 'आर्विडची नवी बायको' म्हणतात. चर्चच्या तळघरात कॉफीचं मोठं भांडं आहे, त्यावर सिग्नेच्या नावाची पितळी पट्टी. नाताळात लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायला बसलं की कुणीतरी उसासा टाकतंच, सिग्नेच्या लेफ्सा कशा, आरपार वर्तमानपत्र वाचावं. माझ्या लेफ्सांतून सूर्यसुद्धा दिसत नाही, कबूल आहे. पण जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. ही बाई कधी चुकत नाही, कधी म्हातारी होत नाही, आणि दर रविवारी माझा नवरा तिच्या दगडावरची पाइनची पानं झाडून येतो. मी गाडीत बसते.

म्हणून फ्लोरिडा मला हवं होतं. टॅक्स गेला खड्ड्यात. मागच्या फेब्रुवारीत आम्ही तिकडे एक घर भाड्याने घेतलं होतं, समुद्रापासून चार गल्ल्या आत. परसात ग्रेपफ्रूटचं झाड. सकाळी अनवाणी जाऊन फळ तोडायचं. हातात घेतलं तर ते उन्हाने कोमट झालेलं असायचं. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "वर्ना, तुझा नवरा काय देखणा आहे गं अजून." तुझा नवरा. तिथे सिग्ने नावाची बाई कधी होऊन गेली हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

ड्वाइटकडून परतताना आर्विड गाडी चालवत होता. एका वळणावर म्हणाला, "टोइवोला सांगतो. काढेल तो नाव."

"कसलं नाव?" टोइवो आमच्या गावचा दगड कोरणारा.

"माझं. दगडावरचं. तिकडे जागा घेऊ दोघांना."

तो ते इतक्या साधेपणाने म्हणाला की मी फक्त "बरं," म्हणाले. मग खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण मला इतका आनंद झाला होता की त्याची लाज वाटत होती.

तो सगळा हिवाळा मी मनातले मांडे खाण्यात घालवला. जमीन दगडासारखी गोठलेली असते, मे महिन्याआधी दफनभूमीत कुणी हत्यार लावत नाही. मला घाई नव्हती. दुपारी चारला अंधारायला लागायचं. मी सौनात जाऊन बसायची. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ उठायची आणि वाफेत मला समुद्र ऐकू यायचा. मार्चमध्ये फ्लोरिडातल्या त्याच घराच्या मालकाचं पत्र आलं, विकायला तयार आहे. मी त्या घरात पडदे लावले, काढले, दुसरे लावले. सगळं इथे बसून.

एकदा दुपारी डुलकी लागली तर त्या घराच्या दारात सिग्ने उभी. बाहेर रणरणतं ऊन आणि हिच्या खांद्यांवर ताजा बर्फ. मी तिला कधी पाहिलं नाही, फक्त फोटो. फोटोतल्यापेक्षा ती बुटकी होती. मी म्हटलं, आत ये, बर्फ वितळेल. ती आत आली नाही. तिला राग वगैरे काही नव्हता. तिने एवढंच विचारलं, "येणार आहे ना तो?" जणू मी त्याची आई आहे आणि ती खेळायला बोलवायला आली आहे. मी जागी झाले तेव्हा खालच्या खोलीत आर्विड रेडिओवर हवामान ऐकत होता. मला रडू आलं आणि रागही आला. स्वप्नात येऊन जागा अडवते बया.

मेच्या पहिल्या आठवड्यात तळं मोकळं झालं. एका रात्रीत बर्फ फुटतो, सकाळी बघावं तर पाणी, निळंशार, जणू मधे काही झालंच नव्हतं. त्याच सकाळी टोइवो लाहती दफनभूमीत आला. टोइवो ऐंशीला टेकलाय. गावातले निम्मे दगड त्याने कोरलेत आणि उरलेल्या निम्म्यांना तो नावं ठेवतो. या वेळी मी गाडीत बसले नाही.

त्याने दगडावरून तळवा फिरवला. "नुसतं नाव काढता येत नाही, आर्विड. ग्रॅनाइट आहे, पाटीवरचा खडू नाही. सगळा दर्शनी भाग बोटभर तासावा लागेल. म्हणजे तिचंही नाव जाणार. मग तिचं एकटीचं पुन्हा कोरायचं, मधोमध."

"मग तसं कर," आर्विड म्हणाला.

"मधोमध बरं दिसेल," टोइवो म्हणाला. त्याला माणसांपेक्षा दगडाची जास्त काळजी. "हा मजकूर तिने स्वतः सांगितला होता मला. इस्पितळातून फोन करून. तिच्या नावापेक्षा तुझं नाव जरा मोठं घालायला सांगितलं होतं. मी घातलं नाही. वाईट दिसलं असतं."

हे आर्विडला माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो वाकला आणि नेहमीसारखी दगडाच्या माथ्यावरची पाइनची पानं झाडायला लागला. पानं दोनचारच होती. ती संपली तरी त्याचा हात फिरतच राहिला.

"आर्विड," मी म्हणाले, "ड्वाइटने विचारलं होतं ते मी विचारते. तू परत कुठे येणार?"

"तू जिथे असशील तिथे."

"ते जिवंतपणी. मी पुढचं विचारतेय."

टोइवो उगाच आपली हत्यारं पुसायला लागला.

"तिला अंधारात एकटं राहायची भीती वाटायची," आर्विड म्हणाला. "बाई शाळेत शिकवायची, अस्वलाला काठीने हाकलायची, पण दिवा मालवून झोपायची नाही. शेवटी म्हणाली, मला एकटीला ठेवू नकोस. मी म्हटलं, येईन."

"एकोणीस वर्षांत मला बोलला नाहीस."

"तू गाडीतून उतरायची नाहीस." मग हळू आवाजात म्हणाला, "आणि तिकडे तू गाणं म्हणत होतीस गं, वर्ना. झाडाखाली. इथे मी तुला गाताना कधी ऐकलं नाही. म्हटलं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे, मोडला तर ती समजून घेईल. माझ्या आयुष्यात मी एवढाच मोडेन."

दुकानात चुकून जास्त आलेली चिल्लर परत करायला बर्फातून सहा मैल जाणारा हा माणूस. मला हवं होतं ते सगळं त्याने माझ्यापुढे ठेवलं होतं. एक मान हलवली असती की टोइवो तासायला लागला असता. मी ते बघत उभी राहिले आणि मला ते उचलवेना. मी हरले म्हणून नव्हे. ज्याने कधी शब्द मोडला नाही असा नवरा मला मिळाला होता, आणि मीच त्याला शब्द मोडणारा करून फ्लोरिडाला घेऊन जाणार होते. तिथे झाडाखाली बसून मी काय गायले असते?

मी दगडाला वळसा घालून मागे गेले. मागची बाजू खडबडीत होती, कुणी हात न लावलेली. तिथून जमीन उतरत थेट तळ्यापर्यंत जात होती.

"टोइवो, ही मागची जागा कुणाची?"

"कुणाची नाही. उतारावर कोण घेतो? लोकांना रस्त्याकडे तोंड लागतं. मेल्यावरही येणारजाणारं दिसायला हवं."

"ही बाजू कोरता येईल?"

त्याने दगडावर टिचकी मारली, कान लावला. "आधी घासावी लागेल. पण दगड चांगला आहे." मग पेन्सिल कानावरून काढून म्हणाला, "काय घालू?"

"वर्ना सोलेम. १९५५. रेघ."

"हे बघ," टोइवो म्हणाला, "एकदा कोरलं की मी काढायला येणार नाही. आजच बघितलंस किती कटकट असते ते."

आर्विड दगडापलीकडे उभा होता, मला त्याची फक्त टोपी दिसत होती. तो सावकाश वळसा घालून आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि पाण्याकडे बघायला लागला. आयुष्यभर धक्के बांधले, त्यामुळे पाणी दिसलं की डोळे बारीक करून खोली जोखायची त्याला सवय. या वेळी डोळे बारीक करूनही काही उपयोग होत नव्हता, ते वाहतच होते, आणि त्याने ते पुसले नाहीत.

"ड्वाइट वेड्यात काढेल," तो म्हणाला. "टॅक्स सगळा भरावा लागेल, वर्ना. पै न् पै."

"भरू की," मी म्हणाले. "आपलंच गाव आहे."